ट्रस्टी होण्याचा फॉर्म नसतो: गोव्यातल्या विद्यार्थी स्वयंसेवकांसाठी

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात पुस्तकांवरची बुरशी पुसायचं काम चाललं होतं. मदतीला एक मुलगी होती. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, एनएसएस केलेली, दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला येणारी. हातातलं फडकं खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "काका, मला ट्रस्टी व्हायचंय. फॉर्म कुठे मिळतो?"

मी हसलो नाही. बाविसाव्या वर्षी मी याहून अडाणी प्रश्न विचारला होता: ट्रस्टीला महिना किती मिळतात? मला उत्तर देणारे आमचे खजिनदार, ज्यांना सगळे भाई म्हणत, त्यांनी चष्म्यावरून बघून सांगितलं होतं, "मिळत काय नाही. जातं." त्या दिवशी तिला जे सांगितलं आणि नंतर आठवून आठवून ज्याची भर घातली, ते इथे एकत्र लिहितो आहे. तुम्ही गोव्यात शिकत असाल, एखाद्या संस्थेत राबत असाल आणि आता नुसतं राबण्यापेक्षा निर्णयात बसावं असं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी.

फॉर्म नसतो, कारण विश्वस्तपद सरकार देत नाही. ते संस्था देते, आणि कसं द्यायचं हे तिच्या स्वतःच्या कागदात लिहिलेलं असतं. एनएसएसचे दोन वर्षांतले २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र चांगलंच आहे, पण त्याने या खुर्चीवर हक्क लागत नाही.

पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे

पहिली अडचण इथेच येते. मराठीत इंटरनेटवर शोधलंत की सगळी माहिती महाराष्ट्राची मिळते: धर्मादाय आयुक्त, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज. वाचून मुलं पणजीत धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस शोधत फिरतात. ते नाहीच. तो कायदा बांद्यापर्यंत लागू, पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्यात शिरलात की नाही.

ही तांत्रिक गंमत वाटेल, पण तिचा परिणाम मोठा आहे. महाराष्ट्रात नवा विश्वस्त आला की त्याचं नाव सरकारी दप्तरात चढतं, कुणी आक्षेप घेतला तर सुनावणी होते. आपल्याकडे धर्मादाय ट्रस्टसाठी असं दप्तर सांभाळणारं स्वतंत्र खातं नाही. भांडण झालंच तर दिवाणी न्यायालय; सार्वजनिक धर्मादाय संस्थेत हितसंबंध असलेल्या दोघांना न्यायालयाच्या परवानगीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा लावता येतो. तोपर्यंत तुम्ही विश्वस्त आहात की नाही याचा पुरावा एकच: संस्थेची इतिवृत्ताची वही, म्हणजे सभांत काय ठरलं ते लिहून ठेवायची वही. म्हणून या लेखात ती वही पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

संस्था नक्की काय आहे ते बघा

लोक सगळ्यालाच "ट्रस्ट" म्हणतात. आमच्या वाचनालयाच्या संस्थेलाही गावात ट्रस्ट म्हणतात, प्रत्यक्षात ती सोसायटी आहे आणि तिच्यात ट्रस्टी नसून कार्यकारिणी आहे. देणगीची पावती घ्या आणि तिच्या डोक्यावर किंवा तळाला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. नोंदणी क्रमांक आणि कायदा तिथे असतो. नसेल तर तोही एक इशारा समजा.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी असेल तर तुमची वाट सगळ्यात सोपी. गोव्यातली बरीचशी वाचनालयं, सांस्कृतिक मंडळं, शिक्षणसंस्था याच प्रकारच्या. अशी संस्था काढायला निदान सात जण लागतात, आणि कारभारी मंडळ संस्थेच्या नियमांप्रमाणे, बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण सभेत, निवडलं जातं. म्हणजे आधी सभासद व्हा. इथे स्वयंसेवक हमखास फसतात. पाच वर्षं राबलेला मुलगा सभेत हात वर करतो आणि कळतं की तो सभासदच नाही. स्वयंसेवक हा कायद्याच्या लेखी पाहुणा. सभासदाचा अर्ज भरा, वर्गणी भरा, पावती जपा. वर्गणी थकवू नका, कारण याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्याला मत देता येत नाही, आणि तो सभासदांत मोजलाही जात नाही. वर्गणी कधी कधी वर्षाला शंभर रुपयेच असते आणि तेवढ्यासाठी माणूस निवडणुकीतून बाद होतो. मी पाहिलेलं आहे.

खरा ट्रस्ट असेल तर मुळाशी एक ट्रस्ट डीड, म्हणजे न्यासपत्र असतं. कुणीतरी पैसा किंवा जागा दिली, काही जणांवर विश्वास टाकला, आणि पुढचे विश्वस्त कसे नेमायचे ते लिहून ठेवलं. त्यातलं "नवीन विश्वस्तांची नेमणूक" हे कलम शोधा. कुठे उरलेले विश्वस्त ठरावाने नेमतात, कुठे संस्थापकाला हयातभर अधिकार असतो, कुठे घराण्यातलाच माणूस घ्यायचा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शेवटच्या प्रकारात वाईट वाटून घेऊ नका, स्वयंसेवक राहा किंवा दुसरी संस्था बघा.

कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालची ना-नफा कंपनी असेल तर तिथे संचालक असतात. संचालक क्रमांक, डिजिटल सही, कंपनी खात्याच्या पोर्टलवर भरणा, हे सगळं लागतं. ते काम कंपनी सेक्रेटरी किंवा सीए करून देतो.

आणि देवस्थान. उत्सवात पताका लावून, प्रसादाच्या रांगा सांभाळून बऱ्याच मुलांना वाटतं की देवस्थान समितीत जाता येईल. गोव्यातली बहुतेक जुनी देवळं १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीवर चालतात. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांतल्या सभासदांची, यादी असते, तेच दर तीन वर्षांनी अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार निवडतात, आणि वर देखरेख मामलेदाराची. महाजनपण सेवेतून मिळत नाही. त्या पद्धतीबद्दल माझी मतं आहेत, पण ती इथे नको.

वयाचं म्हणाल तर अठरा पूर्ण हवीत. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम १० म्हणतं की जिथे विश्वस्ताला स्वतःची विवेकबुद्धी वापरायची असते तिथे तो करार करायला पात्र असला पाहिजे, आणि अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, व्यक्ती करार करू शकत नाही. हा कायदा मुळात खाजगी न्यासांसाठी. पण विश्वस्ताने कसं वागावं याची त्यातली तत्त्वं न्यायालयं धर्मादाय न्यासांनाही लावत आली आहेत, म्हणून पुढेही त्याचाच आधार घेतो. बारावीत असाल तर थांबा, घाई कसली आहे?

मागायच्या आधी वाचायचे तीन कागद

घटना (म्हणजे संस्थेची नियमावली) किंवा न्यासपत्र, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि इतिवृत्ताची वही. हे मागितल्यावर संस्थेचा चेहरा कसा होतो त्यावरून निम्मी परीक्षा होते. "कशाला हवं?" असं कुणी विचारलं तर रागावू नका, जुनी माणसं सवयीने विचारतात. "समजून घ्यायचंय, इथेच बसून वाचतो, घरी नेत नाही" म्हणा. एवढं म्हणूनही दोनतीनदा टाळलं तर मात्र मी त्या संस्थेत मुलांना गोष्टी सांगेन, कागदावर सही करणार नाही.

हिशेब वाचायला बीकॉम लागत नाही. ताळेबंद उघडा आणि ३१ मार्चला हातात रोख किती होती ते आधी बघा. समजा संस्थेचा महिन्याचा खर्च सहा हजार आहे आणि हातातली रोख बेचाळीस हजार दाखवली आहे. एवढी रोख कुणाच्या कपाटात आहे? मग "येणे" आणि "उचल" या ओळी बघा. एकाच माणसाच्या नावावर तीच उचल तिन्ही वर्षं जशीच्या तशी दिसत असेल तर ती परत येणार नाही असं समजून चाला. मुदतठेवी कुणाच्या नावावर आहेत, पावत्या कुठे आहेत, नूतनीकरण कधी आहे हे विचारा. जागा संस्थेची असेल तर तिचा उतारा कुणाच्या नावे आहे? गावाकडच्या जुन्या संस्थांत इमारत संस्थेची आणि जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) किंवा एखाद्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, असं सर्रास असतं. त्यात पाप काही नाही, पण सही करण्याआधी माहीत असावं.

लेखापरीक्षकाचा अहवाल हा तसा कंटाळवाणा कागद. त्यातला फक्त "परंतु" नंतरचा भाग वाचा.

इतिवृत्ताच्या वहीत वेगळी गंमत असते. सभा खरोखर होतात की वर्षअखेरीला एकाच शाईने बारा सभा लिहिल्या जातात, हे वही लगेच सांगते. सह्या बघा. कुणी कधीच विरोध नोंदवलेला नाही, प्रत्येक ठराव "सर्वानुमते", असं दहा वर्षं चाललेलं असेल तर एक तर ते संत आहेत, नाही तर निर्णय दुसरीकडे होतात. गणसंख्या, म्हणजे सभेला निदान हजर हवेत तेवढे जण, किती हवी आणि प्रत्यक्ष किती जण होते, हे घटना आणि वही शेजारी ठेवून ताडून बघा.

कुणाला नको असलेलं काम मागून घ्या

माझा अनुभव असा की मंचावर निवेदन करणाऱ्या मुलांना टाळ्या मिळतात आणि व्हाउचर लावणाऱ्या मुलांना खुर्ची. कारण साधं आहे. साठीच्या पुढच्या कार्यकारिणीला सूत्रसंचालक भरपूर मिळतात. आयकर पोर्टलवर लॉगिन करणारा, इतिवृत्त स्वच्छ लिहिणारा, पावती पुस्तक आणि बँकेचा उतारा जुळवणारा मिळत नाही. ते काम मागून घ्या. सहा महिने निमूट केलंत तर तुमच्याशिवाय सभा अडायला लागते.

मला भाईंनी इतिवृत्त लिहायला लावलं आणि माझी पहिलीच सभा मी वाया घालवली. संस्थेच्या खात्यावरच्या सह्या बदलायच्या होत्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "बँक खात्यावरील सह्यांबाबत चर्चा झाली व योग्य तो बदल करण्याचे सर्वानुमते ठरले." त्या मजकुराची प्रत घेऊन आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली आणि परत दिली. "योग्य तो बदल म्हणजे कोणता?" कुठलं खातं, कोण जाणार, कोण येणार, व्यवहार एकाच्या सहीने की दोघांच्या, काही नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही. सभा पुन्हा बोलवावी लागली. दुसऱ्या खेपेला ठराव बरोबर होता, तर नवीन अध्यक्षांच्या कागदांत नाव जुळेना. जन्मदाखल्यावर आडनाव "नाईक" पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून, आणि आधारवर साधं के. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांत हा घोळ घरोघरी आहे. तिसऱ्या हेलपाट्यात काम झालं. ऐन आषाढ, छत्रीतून झिरपणाऱ्या पाण्याने ठरावाची प्रत ओली, आणि भाई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. हॉटेलात शिरून त्यांनी भाजी-पाव मागवला आणि कागदाच्या रुमालावर मला ठराव कसा लिहायचा ते लिहून दाखवलं.

ते असं होतं: "ठराव क्र. ३. अमुक बँकेच्या तमुक शाखेतील बचत खाते क्र. अमुक, यावरून श्री. क यांची सही कमी करावी व श्रीमती ख, खजिनदार, यांची सही दाखल करावी. खात्याचे व्यवहार अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने व्हावेत. सूचक: श्री. ग. अनुमोदक: श्रीमती घ. ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी संमत." आजही मी याच साच्यात लिहितो. तुमच्या नेमणुकीचा ठरावही असाच लिहिला गेला पाहिजे: पूर्ण नाव, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून, किती मुदतीसाठी. "यांना समितीत घेण्याचे ठरले" हे चालणार नाही.

विचारायचं कसं

अध्यक्षांना व्हॉट्सअ‍ॅपवर नको. वेळ मागून भेटा, आणि आधी सचिवांशी बोला. संस्थेत कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांनाच माहीत असतं. "मला ट्रस्टी करा" म्हणण्यापेक्षा "मी वर्षभर निमंत्रित म्हणून सभांना बसू का, मत नको, इतिवृत्त लिहीन" असं म्हणा. निमंत्रित सदस्य ठेवायला बहुतेक घटनांची हरकत नसते आणि ज्येष्ठांना धोका वाटत नाही. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडणुकीशिवाय समितीने घेतलेला सदस्य, घेण्याची तरतूद असेल तर ती पुढची पायरी. तिथे मताचा हक्क असतो की नाही ते घटनेत बघा. मग निवडणूक किंवा नेमणूक.

आमच्याकडच्या त्या मुलीने मला विचारलं, "काका, ते म्हणतील, हिला काय कळतं."

"म्हणतील. तू वाद घालू नकोस. मागच्या वर्षी किती मुलं शनिवारी आली, त्यातली किती मुलं पुस्तक घरी घेऊन गेली, हे आकडे घेऊन जा. त्यांच्यापैकी कुणालाच ते माहीत नाहीत."

ती आकडे घेऊन गेली. सभेत पहिल्या दहा मिनिटांत एकाने "बाय, चहा सांग जरा" म्हटलं, हेही लिहितो, कारण तुमच्या बाबतीतही होईल. तिने चहा सांगितला आणि परत येऊन आकडे वाचले. पुढच्या सभेला चहा दुसऱ्याने सांगितला. मला विचाराल तर पहिल्यांदाही तिने सांगायला नको होता, पण ती मला न विचारता वागली आणि तिचं चाललं.

खुर्चीखाली काय आहे

आता भाईंचं "जातं" म्हणजे काय ते. न्यास कायद्याप्रमाणे न्यासपत्रात तरतूद नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही, न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करता येत नाही, आणि आपलं काम सरसकट दुसऱ्यावर सोपवता येत नाही. एकापेक्षा जास्त विश्वस्त असतील तर न्यासपत्रात वेगळं म्हटलं नसल्यास सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं. "मी फक्त नावाला होतो" हा बचाव फार टिकत नाही. दुसऱ्याने केलेल्या गैरव्यवहाराला तुम्ही आपोआप जबाबदार ठरत नाही, पण तो कळूनही लपवलात किंवा वेळेत काहीच केलं नाहीत, तर जबाबदारी तुमच्यावरही येते, आणि ती तुमच्या स्वतःच्या खिशातून भरून द्यायची असते. म्हणूनच न पटलेल्या ठरावाला विरोध नोंदवायला शिका. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त सचिवांना म्हणा, "माझा विरोध वहीत लिहा," आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो लिहिलाय का ते बघा.

विद्यार्थी विश्वस्तापुढे हमखास येणारा पेच शिष्यवृत्तीचा. संस्था शिष्यवृत्ती देते, तुमच्या मावसभावाने अर्ज केलाय, तो खरोखर गरजू आहे. यादी समोर आली की सांगून टाका, बाहेर जाऊन बसा, आणि "अमुक यांनी नाते जाहीर केले व चर्चेत भाग घेतला नाही" हे वहीत येऊ द्या. स्वतः अर्ज तर करूच नका. करसवलत असलेल्या संस्थेने विश्वस्ताला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना फायदा पोहोचवला तर त्या रकमेवर संस्थेला कर आणि दंड बसू शकतो, म्हणजे भावाच्या दहा हजारांपायी सगळ्यांचं नुकसान.

संस्था मुलांसाठी काम करत असेल तर आणखी एक. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवत नसेल तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "संस्थेची बदनामी होईल" असं कुणी म्हणालं तर या कलमाची आठवण करून द्या.

चतुर्थीला येणारे पैसे

हा भाग खास गोव्याचा, म्हणून सविस्तर. चतुर्थीला गाव भरतं. परदेशातले भाऊ, काका, शाळूसोबती येतात, वाचनालयात डोकावतात, आणि खिशातून पाकीट काढतात. नवा उत्साही विश्वस्त पावती फाडतो. थांबा.

आधी रोखीचं. देणगीदाराला आयकरात सवलत (जुनी ८०जी) हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही. धनादेश, यूपीआय किंवा बँकेतून घ्या. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन लिहून घ्या, कारण वर्ष संपल्यावर देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरल्यावरच त्याला द्यायचं प्रमाणपत्र निघतं. मे महिन्यात पंचवीस जणांना फोन करून पॅन मागत बसणं काय असतं ते मी अनुभवलंय.

आता पासपोर्ट. परदेशी अंशदानाच्या कायद्यात, म्हणजे २०१० च्या एफसीआरएत, पैसा रुपयात आला की पौंडात हा प्रश्न नाही, देणारा कुठला नागरिक हा प्रश्न आहे. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्या काकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी अंशदान ठरत नाहीत. पण आजोबांच्या जन्मनोंदीवर लिस्बनमध्ये कागद करून पोर्तुगीज नागरिक झालेला आणि आता इंग्लंडात असलेला तुमचाच शेजारी परदेशी नागरिक आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, असलं तरी. त्याने म्हापशाच्या बाजारात उभं राहून पाचशेची नोट दिली तरी ते परदेशी अंशदान. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते घेणं गुन्हा आहे, आणि नोंदणी असली तरी पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. माणूस तोच, कोंकणी तीच, गणपतीपुढे आरतीला तोच टाळ वाजवतो, तरी "बाब, पासपोर्ट कुठला?" हे विचारावंच लागतं. अवघडल्यासारखं होतं, पण विचारा. आमच्याकडे आता पावती पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावरच ते लिहून ठेवलंय, म्हणजे विचारणारा पुठ्ठ्याकडे बोट दाखवू शकतो.

निवड झाल्यावरचा पहिला महिना

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि घटनेची प्रत स्वतःच्या फायलीत घ्या. बँकेत सही लागणार असेल तर पॅन, आधार, फोटो घेऊन लगेच केवायसी उरका. सोसायटी असेल तर कारभारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे द्यावी लागते, वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत. तुमचं नाव त्या यादीत गेलंय का, आणि पोच मिळाली का, ते स्वतः बघा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (जिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) आणि आयकर पोर्टलवर जुन्या पदाधिकाऱ्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात, कधी कधी दिवंगत माणसांचीही, आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. हे दुरुस्त करणं तरुण विश्वस्ताचं पहिलं काम. करसवलतीची नोंदणी कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने १२एबी (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी वगैरे ओळखीच्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या लेटरहेडवर काय छापायचं ते सीएला विचारा.

आणि बाहेर पडणं

तुम्ही विद्यार्थी आहात. दोन वर्षांत पुणे, बंगळूर किंवा त्याहून लांब जाणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि कार्यकारिणीलाही. म्हणून आत शिरण्याआधीच बाहेरचं दार बघून ठेवा. सोसायटीत मुदत संपते किंवा राजीनामा देता येतो. ट्रस्टमध्ये मात्र एकदा पद स्वीकारलं की मनात आलं म्हणून टाकून देता येत नाही. न्यासपत्रात तशी तरतूद हवी, किंवा लाभार्थ्यांची संमती, नाही तर न्यायालयाची परवानगी. ग्रुप सोडला म्हणजे ट्रस्ट सोडला असं होत नाही. न्यासपत्रात राजीनाम्याचं कलम नसेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

राजीनामा देताना तारीख घालून लेखी द्या, पोच घ्या, तुमच्याकडची कागदपत्रं आणि किल्ल्या यादी करून परत करा, ती यादी सचिवांकडून सही करून घ्या. राजीनामा मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत मागा. आणि गोवा सोडण्याआधी एकदा बँकेत जाऊन तुमची सही खात्यावरून उतरली आहे का, ते काउंटरवर विचारून खात्री करा. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याला आपली सही अजून चालू आहे हे सहा वर्षांनी कळलं, आणि तेही बँकेने केवायसीसाठी त्याला पुण्यात फोन केला तेव्हा.